मामा डॉक्टरांना काही सुचवत नाहीत

माझ्या मामीवर अन्याय झाला तो यंदा शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुसऱ्या तासाची घंटा होता होता. कुकटपल्लीतल्या शाळेत तिसऱ्या मजल्यावर सातवीला गणित शिकवणाऱ्या या बाईला मुख्याध्यापिकेनं खाली बोलावलं आणि सांगितलं की वर्ग काढून घेतलाय, उद्यापासून ग्रंथालयात बसा. मामीनं मागितलं काय होतं? जिने चढताना पाय दुखतो, वर्ग तेवढा तळमजल्यावर आणा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. चिठ्ठीत दोन शब्द होते, ‘चाल सदोष’. शाळेनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला, की या बाईंचा कधीही तोल जाईल आणि त्या मुलांच्या अंगावर पडतील. मामीचा तोल आयुष्यात कधी गेला नाही. मामांशी संसार करूनही गेला नाही.

चिठ्ठीत दुखण्याचं नाव नव्हतं, याला कारण माझे मामा. आणि मामांइतका नेमाचा माणूस अख्ख्या हैदराबादेत नाही, हे मी पत्रकावर छापून चौकाचौकात वाटायला तयार आहे.

मामा मेडिकल कोडिंगमध्ये आहेत. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे लिहितात ते कुकटपल्लीतल्या एका ऑफिसात येतं, आणि तिथे बसलेली माणसं प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला क्रमांक देतात. मामांची खासियत म्हणजे दुखण्यानं बिघडलेली चाल. तिकडे कुणी म्हातारा पाय ओढत चालला, की त्याचं इकडे काय ठरणार ते मामा बघतात. डॉक्टरनं नुसतं ‘लंगडतो’ लिहिलं तर मामांना जेवण जात नाही. कोणता पाय? कशानं? मग ते डॉक्टरला प्रश्न पाठवतात. पण या धंद्याचा एक कडक नियम आहे. डॉक्टरच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. सगळी कारणं समोर मांडायची, शेवटी ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवायचं, आणि गप्प बसायचं.

हा नियम मामा घरीही पाळतात. पाहुण्याला विचारतात, चहा, कॉफी, ताक, अन्य, की सांगता येत नाही? पाहुणा बावचळून पाणी मागतो. एकदा भाजी अळणी झाली. दुसरा कुणी सरळ बोलला असता. मामांनी विचारलं, मीठ कमी आहे, जास्त आहे, योग्य आहे, की सांगता येत नाही? मामी म्हणाली, “सांगता येतं. कमी आहे. उठून घ्या.”

नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनात, लोक बांगड्या बघतात, लोणची बघतात. मामा पाय बघतात. मला म्हणतात, तो बघ, पाय टेकला न टेकला की उचलतोय, त्याला दुखतंय. आणि तो निळा शर्ट झुलतोय, त्याचा तोलाचा प्रश्न आहे, दोघांना एका मापानं मोजू नकोस. सिकंदराबादेत एका रिसेप्शनला नवरदेव लंगडत स्टेजवर आला आणि मुलीकडच्या काकामंडळींत कुजबुज सुरू झाली, मुलात खोट आहे, आपल्यापासून लपवली. मामा थेट वर गेले आणि वाकून विचारू लागले, टाच, घोटा, बोट, अन्य? “अन्य,” नवरदेव कळवळून म्हणाला, “बूट.” लग्न वाचलं.

आता अशा माणसानं बायकोला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काय त्रास म्हणून विचारलं. मामी तोंड उघडणार तोच मामा पुढे सरकले. “चालीतल्या बदलाचं कारण दुखणं, अशक्तपणा, तोल जाणं, अन्य, की सांगता येत नाही?” बाहेर रांग लागलेली. डॉक्टरांना वाटलं हा वकील आहे किंवा वेडा. त्यांनी दोन शब्द लिहिले, गोळ्या दिल्या आणि पुढच्याला बोलावलं.

मी भडकले. “मामा, ‘दुखतंय’ एवढं म्हणायला काय झालं होतं?”

“मी म्हटलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं, बेटा. मग ते माझं लिहिणं झालं. त्यांचं नाही.”

“तिथे तुम्ही ड्युटीवर नव्हता. नवरा होता.”

मामा ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

येत्या शनिवारी मामीचा वर्ग नव्या बाईंच्या नावावर चढणार, असं शाळेतून कळलं. म्हणून बुधवारी आम्ही तिघं पुन्हा दवाखान्यात गेलो. माझं भाषण तयार होतं, पण मामांनी मला गप्प राहायची शपथ घातली होती. डॉक्टरांनी मामांना बघून कपाळ चोळलं. “फिर आप?” मामांनी खाकरून सुरुवात केली, “कारण दुखणं, अशक्त...” आणि मामीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“अहो, सुचवायची बंदी तुम्हाला आहे. मला नाही.” मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, “डॉक्टर साब, मेरे कू दर्द होरा. चक्कर नक्को समझो.”

उजवा खुबा, जिना चढताना जास्त, गेल्या दिवाळीपासून, सगळं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी तिला खोलीत चालायला लावलं, पाय फिरवून पाहिला, एका पायावर उभं केलं. मग बराच वेळ लिहीत राहिले. उजव्या खुब्याच्या दुखण्यामुळे लंगडणं, तोल उत्तम, जिने टाळावेत, शिकवायला हरकत नाही. मामांनी ती चिठ्ठी गेटवर, रिक्षावाल्यांच्या गर्दीत, उभ्या उभ्या वाचली. “काय सुरेख लिहिलंय,” म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आज गुरुवार. मुख्याध्यापिकेनं चिठ्ठी ठेवून घेतली आणि ‘बघू’ म्हटलं. मामी ग्रंथालयात बसून आली. संध्याकाळी दोघं कॉलनीत फिरायला जातात. मामा एरवी दहा पावलं पुढे असायचे. हल्ली तिच्या बाजूनं, तिच्याइतकीच आखूड पावलं टाकत चालतात. दुखतंय का विचारतात, आणि ती हो म्हणाली की कुणाच्यातरी कंपाउंडपाशी दोघंही थांबतात. मी गॅलरीतून बघते. एरवी प्रत्येक गोष्टीवर घोषणा देणारी मी, पण माझ्याकडे तेव्हा घोषणा नसते.

पण मागणी आहे. तुमचं मूल कुकटपल्लीतल्या त्या शाळेत सातवीत असेल, तर ही बाई कोण हे तुम्हाला कळलंच आहे. उद्या सकाळी मुख्याध्यापिकेसमोर उभे राहा. सांगा की वर्ग खाली आणा आणि बाई परत द्या. फोन करू नका. जा.