अर्ध्या तासानंतरचं वाचन

काकूंनी त्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं माती कुटली. पिशव्या यायच्या, माती पत्र्याच्या ट्रेमध्ये सावलीत पसरायची, वाळली की लाकडी बत्त्याने ढेकळं फोडायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. बत्ता लाकडीच. लोखंडी बत्त्याखाली ढेकळाबरोबर खडाही फुटतो, त्याची भुकटी मातीत मिसळते आणि पुढचे सगळे आकडे वाया जातात. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. नवरा गेला त्या वर्षीही त्यांनी लोखंडी बत्ता हातात घेतला नाही. चूक झाली ती दुसरीकडे.

हाताला घाई नाही म्हणून पुढे चुन्याची बाटलीही त्यांच्याकडे आली होती. मातीत कार्बन दोन तऱ्हांचा असतो. एक कुजलेल्या पाल्याचा आणि मुळांचा. त्यानं माती काळी होते, ओल धरते. दुसरा चुनखडीचा, दगडातून आलेला. पाला कितीही घाला, तो वाढत नाही. शेजारच्या खोलीतल्या भट्टीत माती जाळली की दोन्ही एकदम मोजले जातात. भट्टीला त्यातला आपला-परका कळत नाही. म्हणून चुना वेगळा मोजायचा आणि भट्टीच्या आकड्यातून वजा करायचा. उरला तो पाल्याचा.

बाटलीत एक ग्रॅम माती आणि आत ॲसिडची इवलीशी नळी उभी, वर घट्ट बूच. बुचातून निघालेली रबरी नळी एका उभ्या काचेच्या नळीला जोडलेली, तिच्यात लाल रंग घातलेलं पाणी. बाटली कलती केली की ॲसिड मातीवर सांडतं, चुना फसफसतो आणि सुटलेला वायू लाल पाण्याला खाली ढकलतो. किती उतरलं ते वाचायचं. बाटली गळ्याशी दोन बोटांत धरायची, कारण तळहाताची ऊब लागली तरी वायू फुगतो. पाच मिनिटांनी पहिलं वाचन. मग दर तीन मिनिटांनी हलवत राहायचं आणि अर्ध्या तासाने दुसरं. पुष्कळ मातींचं काम पाच मिनिटांतच आटपतं. काहींत मात्र एक पांढरा चिवट कण असतो. तो आवाज करत नाही, गुपचूप वायू सोडत बसतो. वहीतला दुसरा रकाना त्याच्यासाठी.

प्रयोगशाळेच्या मागच्या उतारावर एक तुकडा होता. नऊ वर्षं तिथे पाल्याचं खत पडत होतं आणि दर वर्षी त्याच चाळीस जागांची माती तपासली जात होती. खत टाकणारा माळी काकूंचा दीर. पाटी अठरा किलोची, चढ दोनशे पावलांचा, वर्षाला सहाशे पाट्या. खांद्यावरची कातडी टाचेसारखी झाली होती. विचारलं तर म्हणायचा, "पाला हलका असतो हो. पाटीच तेवढी जड."

आदल्या वर्षी त्या तुकड्याचा पाल्याचा कार्बन एकदम चढला होता. एक पूर्णांक एक टक्क्यावरून थेट एक पूर्णांक नऊ. साहेबांचं नाव झालं. तुकड्याचा फोटो काचेत बसवून जिन्यात लावला गेला. आणि या वर्षी आकडा आला एक पूर्णांक तीन.

काकूंच्या टेबलाच्या आणि साहेबांच्या खोलीच्या मधे अर्धीच भिंत होती. मंगळवारी सकाळी साहेबांनी माळ्याला बोलावलं, ते सगळं काकूंना ऐकू आलं.

"भट्टीचा आकडा जवळजवळ तोच आहे," साहेब म्हणाले. "चुना वाढलाय. वर्षात इतका चुना आकाशातून पडत नाही. काय टाकलंस?"

"पाला टाकला, साहेब."

"वाटेवर खडी पसरली होती तिची भुकटी? विहिरीचं पाणी?"

"पाणी टाकीचंच. खडीला हात लावला नाही."

"मग कुठंतरी पाणी मुरतंय. शुक्रवारी वरची समिती येतेय. त्यांना ती जागा गाड्या उभ्या करायला हवी आहे. घसरलेला आकडा बघितला की रोलर फिरवतील, आणि तुझी बदली कोठारात. मी काय सांगू त्यांना?"

माळी म्हणाला, "नऊ वर्षं वाहिलं एवढं सांगा."

तो बाहेर आला आणि काकूंच्या टेबलापाशी थांबला. "वहिनी, चुना पायाला चिकटून वर जातो का हो?"

"नाही जात, भाऊजी."

"मग झालं," म्हणाला, आणि पाटी उचलून गेला.

काकूंनी आदल्या वर्षीची वही काढली. काय दिसणार ते त्यांना ठाऊक होतं. चाळीस ओळी. पहिला रकाना आणि दुसरा रकाना, चाळीसही ओळींत तेच आकडे. वीस-वीस. एकोणीस-एकोणीस. दुसरं वाचन केसभर तरी पुढे जातंच. हे पुढे गेलेलं नव्हतं, कारण ते घेतलंच नव्हतं. चुना कमी मोजला गेला, वजा कमी झाला, आणि उरलेला सगळा पाल्याच्या नावावर चढला. ज्या मातीत चिवट कणावर नजर ठेवायची तीच त्यांनी पाच मिनिटांत उरकली होती, आणि त्याचं खापर आता भाऊजींवर फुटत होतं.

त्या वसंतात नवरा अकरा आठवडे इस्पितळात होता. काकू खाटेशेजारच्या स्टुलावर बसायच्या आणि सलाईनच्या नळीकडे बघायच्या. नर्सने सांगितलं होतं, पाणी इथवर उतरलं की हाक मारा. त्या हाक मारत. दुसरी बाटली लागे. एका दुपारी पाणी अर्ध्यावर असतानाच हाक मारायचं कारण संपलं. पाचव्या दिवशी त्या कामावर आल्या. रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. भूक लागायची, झोप यायची, बस वेळेवर मिळायची. फक्त नळीतलं पाणी उतरू लागलं की मान वळायची. पाच मिनिटं जमायचं, अर्धा तास जमत नव्हतं. मग त्या पहिलाच आकडा दुसऱ्या रकान्यात लिहायच्या आणि बाटली विसळायला घ्यायच्या. यंदा मान वळवून का होईना, अर्धा तास काढून त्यांनी दुसरं वाचन घेतलं होतं.

जुन्या मातीचे डबे कोठारात दहा वर्षं ठेवलेले असतात. काकूंनी त्यातला सतरा नंबरचा काढला, तोलला, बाटली कलती केली. पाच मिनिटांनी वीस. त्या उठल्या नाहीत. अर्ध्या तासाने चौतीस. त्यांनी वही उचलली आणि भिंतीला वळसा घालून आत गेल्या.

"साहेब, गेल्या वर्षी दुसरं वाचन मी घेतलं नाही. पहिलं उतरवलं."

साहेबांनी वही बघितली. "कितींचं?"

"चाळिसांचं."

"चाळिसांचं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मी तो फोटो जिन्यात लावला. सांगायचं होतं, काकू. सुट्टी दिली असती."

"सुट्टीत काय करायचं होतं, साहेब."

चष्मा पुन्हा घालून साहेब म्हणाले, "चाळीसही पुन्हा. गुरुवार संध्याकाळच्या आत. वाचन तुम्ही घ्या, लिहील दुसरा कोणी."

लिहायला भट्टीवाला बसला. तो जाड्या, बोलका. "काकू, माझी भट्टी बरी. दोन मिनिटांत राख. तुमचं म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं, बसा, बसा, अजून बसा." काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नळ्या दोन होत्या, म्हणजे एका वेळी दोन बाटल्या. धुणं, तोलणं धरून एका खेपेला चाळीस मिनिटं. वीस खेपा, दोन दिवस. मनगट सुजलं तेव्हा त्यांनी हात बदलला.

गुरुवारी शेवटच्या जोडीला माळी आला. हातपाय धुऊन आला होता. भट्टीवाल्याने त्याला स्टूल दिलं.

"तुम्हीच सांगितलंत म्हणे," माळी म्हणाला.

"हो."

"दोन दिवस मला वाटत होतं, मीच काहीतरी टाकलं असेल. माणूस विसरतो." तो लाल पाण्याकडे बघत राहिला. "हे असं उतरतं होय. दादाला नसतं जमलं. चहा उकळेपर्यंत तीनदा झाकण काढायचा."

"चारदा," काकू म्हणाल्या आणि बाटली हलवली.

पाणी उतरत होतं, डोळ्यांना कळणार नाही इतकं हळू. काकूंनी मान वळवली नाही. आत काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं काहीच नाही. खांदा दुखत होता, तेवढंच. घड्याळाचा काटा जागेवर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "चौतीस पूर्णांक सहा."

"चौतीस पूर्णांक सहा," भट्टीवाल्याने लिहिलं.

नवी बेरीज-वजाबाकी केली तेव्हा आदल्या वर्षीचा आकडा एक पूर्णांक दोन निघाला. एक पूर्णांक एक, दोन, तीन. वर्षाला सहाशे पाट्या आणि वाढ एवढीच, पण घसरण कुठेच नाही. समितीने तुकडा राहू दिला. माळीही राहिला. फोटो जिन्यातून निघाला, खिळा राहिला. काकूंच्या नावाच्या फाईलमध्ये ठपक्याचा एक कागद लागला आणि चुन्याची बाटली भट्टीवाल्याकडे गेली.

काकूंनी पुढची चार वर्षं नुसती माती कुटली. उतारावरच्या पिशव्या आल्या की माळी त्या स्वतः त्यांच्या टेबलाशी आणून ठेवायचा आणि भिंतीच्या कडेला तंबाखू मळत उभा राहायचा. भट्टीवाला पहिलं वाचन घेऊन उठायला लागला की काकू बत्ता न थांबवता म्हणायच्या, "बसा. अजून पंचवीस मिनिटं आहेत."

तो बसायचा.