खडू कुणाच्या हातात?

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वेबपानावरचा एकच आकडा तीन ठिकाणी तीन सोंगं घेऊन नाचू लागला, तेव्हा त्याला वठणीवर आणणारी बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे. पवईच्या आमच्या छोट्या कंपनीत तिला सगळे खडूताई म्हणत. कोडमध्ये काहीही बिघडलं की ती खुर्ची मागे ढकलून विचारायची, "मेल्यांनो, खडू कुणाच्या हातात आहे?"

हा प्रश्न विक्रोळीच्या तिच्या चाळीतला. तिथे जिन्याखाली एक फळा होता. पाणी कधी, मीटिंग कधी, सगळं त्यावर. वाचायचं सगळ्यांनी, लिहायचं फक्त तिच्या आईने. "दारोदार निरोप फिरवला ना, की सहाचं पाणी चौथ्या मजल्यावर आठला यायचं," ती सांगायची.

घाटकोपरच्या एका डॉक्टरांसाठी आम्ही रिसेप्शनचं वेबपान केलं होतं. वर ठळक अक्षरांत, बाजूला रांगेच्या माथ्यावर आणि खाली बटणाशेजारी, तिन्ही जागी आत जायचा चालू नंबर. डेटा सांभाळायला आमच्या साहेबांनी तयार कोडची एक भारदस्त लायब्ररी आणलेली. आकडा बदलायचा तर आधी अर्ज, मग मंजुरी, मग पोच; कोडमध्ये सरकारी कचेरीच! कंटाळून आमच्या पोरांनी प्रत्येक भागात आकड्याची खासगी प्रत दडवली. मग काय, वर बारा, बाजूला तेरा, खाली चौदा, आणि तेरा नंबरच्या आजी रिसेप्शनवरच्या मुलीशी भांडतायत. डॉक्टरांनी बजावलं, "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर आम्ही आपले कागदाच्या चिठ्ठ्यांवर." आमचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. ते गेलं की ऑफिसला टाळं.

खडूताईने ती कचेरी उचलून बाहेर ठेवली आणि एक इवलीशी फाइल लिहिली. आकडा एकाच जागी, तो बदलणारं फंक्शन एकच, बाकीच्या भागांनी नुसते कान देऊन बसायचं.

साहेब धास्तावले. "ताई, फारच हलकं वाटतंय हो. उद्या ॲप वाढलं तर?"

"सर, आमची चाळ चार मजली होती. फळा एकच पुरला."

मी टेस्टर, दुसऱ्यांच्या चुकांवर माझं पोट. दिवसभर त्या फाइलीला टोचत बसलो आणि उपाशी उठलो.

सोमवारी आम्ही सगळे दवाखान्यात भिंतीला चिकटून उभे. मुलीने बटण दाबलं. तीनही जागी तेरा, एकाच क्षणी. आजींनी वर पाहिलं, बाजूला पाहिलं, भांडायला काहीच उरलं नाही म्हणून जरा हिरमुसल्या आणि आत गेल्या. माझ्या अंगावर काटा आला. देवळातसुद्धा येत नाही.

पुढे खडूताई बेंगळुरूला निघाली. निरोपाच्या दिवशी साहेब छापील भाषण घेऊन उभे राहिले. 'आदरणीय' म्हणाले, कागद खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे बोलून गेले,

"ताई, आता खडू कुणाच्या हातात?"