अभ्यासिकेच्या वेळेचा अर्ज

विद्यापीठाचा इतिहास म्हणजे ज्ञानाच्या अखंड ज्योतीचा इतिहास. हे वाक्य माझं आहे. गौरवग्रंथासाठी ते मी एकही कागद न पाहता लिहिलं. समितीनं एकमतानं मंजूर केलं, फक्त ज्योतीची मशाल केली. मशालीचा धूर होतो, हे मी बोलून दाखवलं नाही. मला समितीत राहायचं होतं. अभिलेख कक्षात शिरायला दुसरी वाट नव्हती, आणि तिथला एक अर्ज मला हवा होता.

अर्ज माझ्या वडिलांचा. करमाडहून शिकायला आलेले, घराण्यातले पहिले. मुकुंदवाडीच्या खोलीत वीज नव्हती आणि विद्यापीठाची अभ्यासिका दिवस मावळताच बंद व्हायची. त्यांनी अर्ज लिहिला, पोरांच्या सह्या जमवल्या, पहिली सही स्वतःची केली. मग अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी राहू लागली. गोष्ट एवढीच. आम्ही ती जन्मभर ऐकली. आई म्हणायची, "यांच्या अर्जानं सूर्यसुद्धा उशिरा मावळायला लागला." मामा विचारायचा, "दाजी, नक्कल कुठंय?" वडील उठून बाहेर जायचे. नकलेला कार्बन कागद लागतो आणि तो विकत घ्यावा लागतो, हे त्यांनी मला एकटीला सांगितलं, तेही एकदाच.

आता जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही. अर्ज आठवतो. मी समितीवर गेले हे कळल्यापासून रोज विचारायचे, "घावला का गं?"

पहिले काही आठवडे मला फक्त सत्कार घावले. निमंत्रणपत्रिका, छापील भाषणं, कोनशिलांचे मजकूर, पाहुण्यांना घातलेल्या हारांच्या याद्या, व्यासपीठावर कोण कुणाच्या उजवीकडं बसेल याचा लांबलचक पत्रव्यवहार. फोटोंमध्ये विद्यार्थी मागच्या रांगेत, बहुतेकांची डोकी चौकटीबाहेर.

शेवटी कक्ष सांभाळणाऱ्या लिपिकाला विचारलं, "विद्यार्थ्यांचे अर्ज कुठं असतात?"

"अर्ज? ते ड वर्गात, मॅडम. एक वर्ष ठेवायचे, मग नाश. नियमच है."

"आणि हारांच्या याद्या?"

"समारंभ अ वर्ग. कायम जतन."

"नाश म्हणजे काय करतात?"

"माझ्या आधीची गोष्ट. मागच्या मैदानात जाळले. दोन दिवस विझलं नाही म्हणतात." माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "पण काय काय जाळलं, त्याची वही है ना. ती अ वर्गात."

त्यानं माळ्यावरून वही काढली आणि बाहीनं पुसली. सुंदर अक्षर होतं. इतक्या काळजीनं लिहिलेलं दुसरं काही मला त्या कक्षात दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ओळ सापडली: 'अभ्यासिकेची वेळ वाढविणेबाबत. एक विद्यार्थी व इतर. पाने दोन. नष्ट.'

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गोष्ट खरी होती. मामा हयात नाही, आईही नाही. सांगायला उरले ते फक्त वडील, ज्यांना ती आधीच ठाऊक होती.

घरी गेल्या गेल्या सांगितलं, "अण्णा, अर्ज होता. वहीत नोंद आहे."

ते खाटेवर सरळ होऊन बसले. "नाव हाय का?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. पण कक्षातल्या इतक्या खोट्या भाषणांनंतर मला ते जमलं नाही. "नाव नाही. एक विद्यार्थी व इतर, एवढंच आहे."

ते पुन्हा भिंतीला टेकले.

"मग मी त्या इतरातला आसंन."

"पहिली सही तुमची होती ना?"

"आसंन कुणाची तरी. लई पोरं होती."

त्या दिवसानंतर त्यांनी विचारणं सोडलं. इतक्या वर्षांत मामाला जे जमलं नाही, ते मी एका ओळीत करून आले होते.

निदान ती ओळ शिक्क्यासकट त्यांच्या हातात द्यावी, म्हणून पुन्हा कक्षात गेले. लिपिक म्हणाला, "प्रमाणित प्रत पाहिजे तर अर्ज करा, मॅडम." मी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला, खाली सही केली. त्यानं पोच दिली, अर्जावर आवक शिक्का मारला आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं ड लिहिला.