ज्याचं त्याचं ताट

धम्मानंद खोब्रागडे जेवायला बसतात आणि उठतात, यांच्यामध्ये साधारण सहा मिनिटं जातात. नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारात अडतीस वर्षं मापाडी म्हणून काढली. एक ट्रक रिकामा होऊन दुसरा लागेपर्यंत जो डबा उघडतो, त्याला चवीचं कौतुक करायला फुरसत नसते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ट्रक संपले, घाई संपली नाही.

जेवण झालं की ते ताट घेऊन सिंककडे जातात, घासतात, विसळतात, जाळीवर उभं करून ठेवतात. मग गिलास. मग मुलाच्या फ्लॅटमध्ये हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. बसणं हा प्रकार त्यांना जमत नाही.

ताट धुण्यामागे मात्र इतिहास आहे. छप्पन्नच्या ऑक्टोबरात त्यांचे वडील देवाजी बावीस प्रतिज्ञा घेऊन घरी आले आणि तेविसावी त्यांनी पदरची घातली: या घरात कोणी कोणाचं उष्टं ताट धुणार नाही. कारण सरळ होतं. बायको, सिंधू, दिवसाला नऊ घरची भांडी घासायची. दहावं घर तिचं स्वतःचंच असू नये, एवढंच देवाजीचं म्हणणं. धम्मानंद सहा वर्षांनी जन्मले आणि पाचव्या वर्षापासून राखेनं आपली ताटली घासू लागले. पाव्हणे आले तरी नियम तोच. काही पाव्हणे पुन्हा आले नाहीत.

मुलगा प्रशिक मिहानमधल्या कंपनीत लागला तरी आपलं ताट धुवायचा. लग्नानंतर सुटलं. कसं सुटलं ते त्यालाही सांगता येणार नाही. सून प्रीती उपअभियंत्याची मुलगी. तिच्याकडे आजोबांपासून पगार. तिचं ताट जेवणानंतर जिथल्या तिथं राहतं, वरण वाळून पापुद्रा धरेपर्यंत. यात उद्धटपणा अजिबात नाही. ताटं आपोआप जातात, असंच तिनं लहानपणापासून पाहिलेलं आहे. घरात किती पिढ्यांपासून पगार येतो ते टेबलावर राहिलेल्या ताटावरून बरोबर कळतं. त्याला तहसीलचा दाखला लागत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी रीना कामाला लागली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, भांडी आणि प्रीतीची सात महिन्यांची मुलगी, भूमिका. आधीच्या दोन बायांकडे भूमिका रडून रडून निळी पडायची. रीनाच्या खांद्यावर पाच मिनिटांत झोपली. प्रीतीची रजा या रविवारी संपणार होती. सदर भागातल्या तिच्या ऑफिसनं ती दोनदा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा साहेब ‘बघू’ म्हणाले होते, आणि खासगी नोकरीतल्या ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना कळतो.

शुक्रवारी संध्याकाळी रीना चप्पल घालता घालता म्हणाली, “ताई, मी सोमवारपासून नाही येत.”

“काहून?” प्रीती घाबरली की तिच्या तोंडून नागपूर निघतं.

“काकाजीले विचारा न. माह्या हातचं चालत नाही त्याईले.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरी कसं? मी ताट उचलाले गेली का ओढून घेतेत. गिलास मी धुतला तरी पुन्हा विसळतेत. आधीच्या घरी बी असंच होतं. माहा कप खिडकीत राहे, अलग. मले काय समजत नाही का?”

प्रशिक हसला. हे चुकलंच. “अगं, आमच्या घरात? आम्ही लोक...” एवढं बोलून तो थांबला. या फ्लॅटमध्ये रीनाचं आडनाव कोणी विचारलं नव्हतं, आपलं सांगितलं नव्हतं, आणि यालाच सगळे पुरोगामीपणा समजत होते.

धम्मानंद गॅलरीच्या दारात उभे होते. अडतीस वर्षांत मापात मारल्याचा आळ त्यांच्यावर पाच-सहा वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी त्यांनी पुन्हा मोजून दाखवलं होतं. हा आळ मोजून दाखवायची सोय नव्हती.

“पोरी, तसं नाही वं,” ते म्हणाले, आणि उभ्या उभ्याच देवाजीचा नियम सांगितला. आईची नऊ घरंही सांगितली. रीनानं एका पायात चप्पल ठेवून सगळं ऐकलं.

“माही माय आठ घरं करे,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “म्हणजे तुमच्या बाबाचं म्हणणं, कोणी कोणाचं धुवाचं नाही?”

“होय.”

“मंग भाऊचं नि ताईचं मी काहून धुतो?”

प्रशिकनं फोन पाहिला. फोन वाजला नव्हता.

“तो तुझा जॉब आहे, रीना,” प्रीती शेवटी म्हणाली.

“तेच तं म्हणून राहिली मी. मंग माहा जॉब काकाजी काहून करून राहिले? उद्या म्हणाल, तू कायले पाहिजे?”

देवाजीच्या नियमात याचं उत्तर नव्हतं. घरात बाई ठेवायची वेळ देवाजीवर कधी आलीच नव्हती.

“सोमवारी येतो,” रीना म्हणाली. “पाहतो काय होते ते.”

ती गेल्यावर प्रशिक बापाजवळ आला. बायकोसमोर तो ‘मला’ म्हणतो, बापासमोर ‘मले’. “बाबा, एकच ताट आहे न.”

“तुले एकच दिसून राहिलं,” धम्मानंद म्हणाले.

शनिवार-रविवार रीनाची सुट्टी. दोन्ही दिवस त्यांनी सराव केला. ताट टेबलावर ठेवून उठले, दारापर्यंत गेले, परत आले, धुतलं. चार जेवणं झाली, चारदा परत आले. मग खाली पार्किंगमध्ये इतक्या चकरा मारल्या की चौकीदारानं विचारलं, “साहब, कुछ गुम गया क्या?”

सोमवारी रीना आठच्या ठोक्याला आली. प्रीती नऊला निघाली, लिफ्टपासून दोनदा परत आली, तिसऱ्यांदा गेली. दुपारी धम्मानंद जेवायला बसले. आज सहाची पंधरा मिनिटं झाली. वांग्याच्या भाजीतला कढीपत्ता खाल्ला, मिरचीचं देठ चघळलं, पोळीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट कडेपर्यंत पुसून घेतलं. मग उठले आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले.

रीना भूमिकाला खांद्यावर घेऊन आली. ताटाकडे वाकून पाहिलं.

“जेवले का नाही, काकाजी? कोरंच दिसून राहिलं.”

“जेवलो.”

“मंग धुऊ?”

तिनं ताटाला हात लावला नव्हता. ती थांबली होती. प्रीतीचे ऑफिसातून दोन फोन येऊन गेले होते. उत्तर एका अक्षराचं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते बासष्ट वर्षांत कोणत्याही बाईसमोर निघालं नव्हतं.

“धू,” ते म्हणाले.

“मंग धरा हिले.” तिनं भूमिका त्यांच्या हातात दिली आणि ताट उचललं.

सिंकचा नळ सुटला. तो बंद होईपर्यंत ते नातीला घेऊन हॉलभर फिरत राहिले. ती झोपली नाही. तेही बसले नाहीत.