घरी रंगकाम चाललंय

"आधी बसून घ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरचा कितीही घाईत असो, उजवा हात ते असा पुढे करत, की मागे पाट मांडून पंगत तयार आहे असंच वाटावं.

सदाशिव पेठेतल्या एका मोफत वाचनालयात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. तालुक्याच्या गावाहून मी कॉलेजसाठी पुण्यात आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे वाचनालयाच्या दारातही, चपला कुठे काढाव्यात या विचारात मी उभाच राहिलो. आतून आवाज आला, "अहो, आधी बसून घ्या. चपला काही पळून जात नाहीत." या शहरात मला बसा म्हणणारे ते पहिले गृहस्थ. ते मी विसरू शकत नाही.

सगळे त्यांना मॅनेजर म्हणत. पेठेतल्याच एका मंगल कार्यालयाची व्यवस्था त्यांनी उभा जन्म पाहिली होती. वरमाईचा रुसवा, आचाऱ्याचा राग, हरवलेली अंगठी, सगळं तेच निस्तरत. स्वतः मात्र अविवाहित. "मुहूर्त होते तेवढे लोकांना देऊन टाकले," म्हणायचे. पुढे ते कार्यालय पाडून तिथे दुकानांची इमारत झाली. मालकांनी मॅनेजरांना शाल-श्रीफळ दिलं, भाषणही केलं.

वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारी चार-पाच निवृत्त मंडळी होती. महिन्यातून एका रविवारी एकेकाच्या घरी पोहे आणि चहा, असा त्यांचा प्रघात. मॅनेजर सगळ्यांकडे जात. त्यांची पाळी आली, की म्हणत, "घरी रंगकाम चाललंय. जरा आटपू दे."

हे रंगकाम पावसाळ्यात चाले, उन्हाळ्यातही चाले. त्या मंडळींत एक निवृत्त मास्तर होते, जिभेला धार असलेले. ते एकदा म्हणाले, "काय हो, शनिवारवाडा रंगवायला घेतलात की काय?" मॅनेजर सगळ्यांबरोबर हसले आणि पेपराची घडी घालू लागले. त्यांनी घातलेली घडी इतकी नीट असे, की तो पेपर उघडायला जीव होत नसे.

दुपारी एकला वाचनालय बंद होई, ते चारला उघडे. एक वाजता मॅनेजर पिशवी उचलत. "चला, घरी जाऊन आडवं व्हायला हवं." पेठेतला प्रत्येक माणूस त्या वेळी हेच म्हणतो, त्यामुळे कोणाला काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

एकदा माझ्या खोलीतला मित्र टायफॉइडने आजारी पडला. भर दुपारी डबा घेऊन मी दवाखान्यात गेलो. पेशंटच्या नातेवाइकांसाठी असलेल्या बाकांपैकी शेवटच्या बाकावर मॅनेजर बसले होते. खेड्यातून आलेल्या एका बाईला ते सांगत होते, "आधी बसून घ्या. डॉक्टर येतील."

"तुमचं कोण आहे इथे?" मी विचारलं.

"आहेत एक," ते म्हणाले. मग पिशवी मांडीवर घेत म्हणाले, "कोणी नाही. इथे उठवत नाहीत, एवढंच."

कार्यालयात स्टेजमागची खोली त्यांना राहायला होती. ती नोकरीबरोबर मिळाली, नोकरीबरोबरच गेली. कागद नाही, भाडेपावती नाही. भाऊ होता, तो वारला. पुतण्याच्या दोन खोल्यांत त्याचीच माणसं मावत नव्हती. "डिपॉझिट कसंही जमवलं असतं. पण एकट्या म्हाताऱ्याला खोली कोण देतो? एक बाई तोंडावर म्हणाल्या, आजोबा, उद्या तुम्ही गेलात तर आम्ही कोणाला कळवायचं? बरोबरच आहे त्यांचं." रात्री ते एका ओळखीच्या दुकानाच्या फळीवर पडत.

मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमची खोली रविवारी रिकामी असते का हो? एकदा मंडळींना माझ्याकडे बसवायचंय. त्यांना हे कळलं, तर मला वाचनालयात बसता यायचं नाही."

घरमालकीण काकूंनी परवानगी दिली, तीही कप विसळून ठेवण्याच्या बोलीवर. तीन कॉटपैकी दोन आम्ही भिंतीला उभ्या केल्या, पुस्तकं पोत्यात भरली. मॅनेजरांनी फरशी पुसली, उंबऱ्याशी रांगोळीची दोन बोटं ओढली. इस्त्रीचा शर्ट घालून ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

एक गोष्ट मात्र राहिली. दारावर काकूंची पाटी होती : 'कॉट बेसिस. फक्त विद्यार्थ्यांसाठी. पाहुणे आणू नयेत.' रोज तिच्याखालून जाणाऱ्या आम्हाला ती दिसेनाशी झाली होती. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, पुण्याचा माणूस पाटी वाचल्याशिवाय कोणाच्याही घरात पाऊल टाकत नाही.

मंडळी दारात थबकली. पाटी वाचून झाली. "या, या, आधी बसून घ्या," मॅनेजरांचा हात पुढे झाला. पोहे झाले, चहा झाला. कार्यालयातल्या जुन्या लग्नांचे किस्से त्यांनी असे सांगितले, की सगळे पोट धरून हसले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निघताना मास्तरांनी पोपडे आलेल्या भिंतीवरून हात फिरवला. आवाजात कुठेही धार नव्हती. "रंग बाकी छान बसलाय, मॅनेजर."

मॅनेजरांचा चेहरा एकदम उतरला. मंडळींना ते जिन्यापर्यंत पोचवून आले. परत येताना त्यांना पाटी दिसली. ती त्यांनी सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. खिशातला रुमाल काढून तिच्यावरची धूळ पुसली. मग आत येऊन सगळे कप विसळले, पालथे घातले आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. मी दवाखान्यातल्या बाकांवर पाहून आलो, ते फळीवर पडत त्या दुकानातही विचारून आलो.

परीक्षेपर्यंत मी वाचनालयात जात होतो. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर मास्तर रोज एक पेपर ठेवत. घडी त्यांना नीट जमत नसे. ते ती पुन्हा पुन्हा घालत. एकदा कोणी नवा माणूस तो पेपर उचलून तिथे बसायला गेला, तेव्हा मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिथे नको. मॅनेजर यायचेत. घरी रंगकाम चाललंय त्यांच्या."