खंडेनवमीचं पातं

खंडेनवमीला शेडमधली सगळी हत्यारं पुजायची आणि पुजलेलं हत्यार दसरा उलटेपर्यंत जागचं हलवायचं नाही, हा आमच्या सुतारकामातला वडिलांपासूनचा नियम. मी काही फार देवभक्त नाही, पण अशा बाबतीत भित्रा आहे.

त्या वर्षी टेबल-करवतीच्या पात्याला कुंकू लावता लावता मिस्त्री थांबले. घोटीकडचे, साठीला टेकलेले. रंधा कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं, तरी मला शेठ म्हणायचे. तीन माणसांच्या शेडचा कसला शेठ!

"शेठ, दोन दात गेलेत. मुळाशी चीर बी हाय. काढू का पातं?"

हार मी आधीच घातला होता. तो नीट बसावा म्हणून पात्यावरचं संरक्षक कव्हरही मीच काढलं होतं.

"आता पूजा झाली," मी म्हणालो. "दसरा होऊ द्या. मुहूर्ताचा एक काप घेऊ, मग बदलू."

"तुम्ही म्हनाल तसं," म्हणत त्यांनी कुंकवाचं बोट पुढे ओढलं. नवं पातं कपाटात पडून होतं. बदलायला दहा मिनिटं लागतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुहूर्ताचा काप. त्याचा मान सगळ्यांत जुन्या माणसाचा, म्हणून मीच त्यांना पुढे केलं. कव्हर अजून काढलेलंच, डोळे झाकायचा कामाचा चष्मा खिळ्याला टांगलेला. एका कापासाठी कोण घालतो? फळी अर्धी गेली असेल-नसेल, खाडकन आवाज झाला. मिस्त्री ओरडले नाहीत. उजव्या डोळ्यावर पंजा दाबून नुसतेच खाली बसले, आणि बोटांमधून रक्त येऊ लागलं. मशीन बंद करायचंही मला सुचलं नाही. बटण दुसऱ्या कामगाराने दाबलं.

पात्याचा दात डोळ्यात शिरला होता. डोळा गेला, असं डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तो सगळं कबूल करायचं ठरवूनच. त्यांची बायको खाटेशी बसली होती. मला पाहून उठली.

"कसं झालं हो शेठ हे?"

मी तोंड उघडणार तोच मिस्त्री म्हणाले, "त्यांना काय इचारते? माझीच चूक हाय. चष्मा नाय घातला मी."

मी फरशीकडे बघत राहिलो. लाज वाटली, आजही वाटते. पण त्या घटकेला सगळ्यात आधी मला हायसं वाटलं होतं.