वेशीतला दगड

कचरू पाथरवटाला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण आष्टीच्या आसपास त्याच्या हातची टाकी न लागलेलं जातं शोधून सापडलं नसतं. कपची उडून त्याचा डावा डोळा कधीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्यानं तो दगडाची नस अशी अचूक धरायचा की दोन डोळ्यांची माणसं बघत राहायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी गावातले तीन गडी पाशामियाँच्या बैलगाडीतून परतूर टेसनाला गेले आणि फौजेत भरती झाले. पाशामियाँचा मुलगा अजमत, सोनूबाईचा भुजंग आणि द्वारकाबाईचा नवरा बद्रीनाथ. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून कागद आले. अजमत आणि भुजंग कामी आले होते. बद्रीनाथ बेपत्ता होता.

सोनूबाई एकदा कचरूकडं टाकी लावलेलं जातं न्यायला आली आणि तिथंच मटकन बसली. म्हणाली, "कचरूदादा, ना लेकाचं तोंड पाह्यलं, ना राख. रडावं म्हणलं तर कुठं जाऊन रडू?"

दुसऱ्या दिवशी कचरू ओढ्याकाठी गेला, पुरुषभर उंचीचा काळा दगड निवडला आणि चार बैलजोड्या लावून, लढाईवर गेलेल्यांची नावं कोरायला वेशीत आणून उभा केला.

रामराव पाटलांना ते पसंत पडलं, पण त्यांनी तोड काढली. "कचरू, अजमतचा दगड मशिदीपाशी लाव, भुजंगचा मारुतीपाशी. म्हंजे कुणाचं बोलणं न्हाई."

"पाटील, एका गाडीत बसून गेल्ते ते. मी त्यायला येगळं उतरवू का?"

"बराबर हाय तुझं," पाटील म्हणाले आणि स्वतः कोळसा हातात घेऊन त्यांनी भुजंगचं नाव बाळबोध लिपीत दगडावर लिहून दिलं. अजमतचं नाव पाशामियाँनी उर्दूत लिहिलं. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा जमलं.

कचरूनं छिन्नी टेकवली आणि थांबला. "पाशाभाई, हा एकला ठिपका नावातला, का कोळशाचा डाग?"

"नावातलाच, भाऊ."

मग त्या एका ठिपक्यासाठी कचरू अर्धा दिवस बसला.

बद्रीनाथचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा द्वारकाबाई आडवी आली. "आमच्या घरचं नाव घालू नका, बाबा. जित्ता माणूस दगडावर कशाला?" पाटलांनी तिची समजूत घालायला तोंड उघडलं, पण कचरूनं हत्यारं पिशवीत भरली. "बाई म्हणंल तव्हा," एवढंच म्हणाला. खाली हातभर जागा त्यानं कोरी ठेवली.

लढाई सरली. जालन्याकडची फौजेतली माणसं परत आली, बद्रीनाथ आला नाही. दीड वर्षानं एका सकाळी द्वारकाबाई कचरूच्या दारात उभी राहिली.

"बाबा, चला. नाव घाला."

"पाटलाकून लिहून आणतो."

"मी सांगते." तिनं पदर सावरला. नवऱ्याचं नाव त्या गावात कुठल्याच बाईनं असं उघड घेतलं नव्हतं. "बद्रीनाथ," ती म्हणाली. पुन्हा, मोठ्यानं, "बद्रीनाथ." कचरूनं मान खाली घातली आणि छिन्नी उचलली. पाटलांनी वेशीत येऊन अक्षरं काढून दिली. नाव पुरं होईस्तोवर द्वारकाबाई उन्हात उभी होती.

त्या दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघालेलं गाव वेशीत थांबलं. पाटलांनी आपट्याची पहिली पानं दगडापाशी ठेवली. मग ते गर्दी ओलांडून मागं गेले. तिथं कचरू नेहमीसारखा सगळ्यांच्या शेवटी उभा होता. पाटलांनी त्याच्या ओंजळीत पानं घातली आणि गावासमोर वाकून म्हणाले, "सोनं घ्या, कचरूबाबा."

पाटलांनी त्याला अहो-जाहो केलं ते तेव्हा पहिल्यांदाच.